हामयांगवालीची यूवॉल

नामसान डोंगराच्या पायथ्याला दोनच पिकं यायची, चिखल आणि विद्वान. चिखल उन्हाळ्यात तरी वाळायचा. विद्वान बारा महिने ताजे. धड कातड्याचा जोडा परवडत नाही म्हणून कडक उन्हातही लाकडी खडावा खडखडवत फिरायचे, आणि गार पाणी पिऊन उंबऱ्यात दात कोरत उभे राहायचे, म्हणजे शेजाऱ्याला वाटावं की जेवण उरकलं.

अशाच एका दात कोरणाऱ्याच्या घरात हामयांगवाली लग्न होऊन आली. तिला नाव होतं, पण ते वरातीच्या दिवशी माहेरीच राहिलं. दक्षिणेतल्या हामयांग गावची म्हणून हामयांगवाली, बास. नवरा नामगुंग घराण्यातला. सरकारी परीक्षेला नऊ वेळा बसला, नऊ वेळा आपटला, आणि दहाव्या खेपेची तयारी करता करता छातीत कफ होऊन गेला. गल्ली हळहळली, बिचारा या वेळी नक्की पास झाला असता म्हणाली.  अठरा वर्षं भिंतीआडून हामयांगवालीने त्याचं पाठांतर ऐकलं होतं. तो कुठे अडतो ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि शेवटच्या रात्रीसुद्धा तो तिथेच अडला होता.

पोर नव्हतं. तीन वर्षं सुतक रीतीप्रमाणे पाळून झालं आणि तांदळाच्या रांजणाचा तळ दिसला. कुलीन घरच्या विधवेला तीन धंदे मोकळे असतात: शिवण, रडणं आणि उपाशी मरणं. शिवणात तिला गती नव्हती. रडून झालं होतं. तिसऱ्याची तिला घाई नव्हती.

एक मात्र तिला येत होतं. नामगुंगांच्या पितरांना वर्षातून अकरा वेळा तांदळाची दारू दाखवावी लागे आणि ती गाळायची ती हामयांगवालीनेच. पणजोबांचं नावसुद्धा ज्यांना आठवत नसे असे पुतणे त्या दिवशी न चुकता हजर होत, आणि पितरांच्या आधी घागरीला नमस्कार करत. तेव्हा पितरांना चालते ती गिऱ्हाइकालाही चालेल, असा तिने हिशेब केला. मागच्या परसात बारा रांजण गळ्यापर्यंत पुरले आणि धंदा उघडला.

आता प्रश्न असा की बाईने परक्या पुरुषाला तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. हा नियम पुरुषांनी केलेला, पण पाळायची जबाबदारी बायकांची, त्यामुळे तो चांगला टिकला होता. पलीकडच्या गल्लीतल्या दोघी विधवांनी त्यावर तोड काढलीच होती. हामयांगवालीनेही तीच उचलली. मधल्या दाराबाहेर एक चटई टाकली. गिऱ्हाइकाने यायचं, चटईवर बसायचं आणि मोलकरणीशी बोलायचं. मालकिणीनेही आतून मोलकरणीशीच बोलायचं. मोलकरीण नव्हती. हे दोघांनाही माहीत असायचं. पण मध्ये ती आहे असं धरलं की मालकीण परपुरुषाशी बोलत नाही आणि पुरुष परस्त्रीशी बोलत नाही. दोघांचीही अब्रू शाबूत आणि रांजण रिकामा.

"आतल्यांना म्हणावं, एक चौरंग पाठवा."

"बाहेरच्यांना म्हणावं, निवळ हवी की गढूळ?"

"म्हणावं, निवळ."

"निवळ संपली, म्हणावं."

"मग विचारलं कशाला, म्हणावं."

"विचारायची रीत आहे, म्हणावं."

मग दार वीतभर उघडायचं आणि एक हात कोपरापर्यंत बाहेर यायचा. त्या हाताने ठेंगणा चौरंग पुढे सरकवायचा: दारूची सुरई, मुगाचं धिरडं, मुळ्याची किमची. हाताला बंदी नव्हती. ज्याने नियम केला त्यालाही शेवटी कोणाच्या तरी हातचंच खायचं होतं.

पहिलं वर्ष मोलकरीण बिननावाची होती. नाव दिलं ते ब्यॉन शिलेदाराने. हा एके काळी फौजेत होता. लढाई त्याने बघितली नव्हती, पण आवाज लढाईचा होता. सहावा महिना, घामाच्या धारा, आणि चौरंगाला उशीर.

"आत कोणाशी बोलतोय ते तरी कळू द्या, म्हणावं. नुसतं म्हणावं-म्हणावं करून जीभ कोरडी पडली."

 गल्लीतल्या निम्म्या मोलकरणी जन्माच्या महिन्याच्या नावाने ओळखल्या जात. हामयांगवालीने चालू महिना उचलला.

"हिला यूवॉल म्हणतात, म्हणावं."

नाव मिळालं आणि पोरीला पाय फुटले. आधी फक्त निरोप पोचवायची, आता तिच्या अंगावर सगळ्या चुका जमा व्हायला लागल्या.

"यूवॉल, आज दारूत विहीर लागतेय."

"किती वेळा सांगितलं यूवॉल, ओल्या हाताने रांजणाला शिवू नकोस. बाहेरच्यांना म्हणावं, आज हिला जेवायला घालणार नाही."

"नको नको, म्हणावं. इतकंही पाणी नाही."

चटईवरचं दुसरं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे ओ पंतोजी. बारा घरच्या पोरांना सदाचाराचे धडे द्यायचे, आणि धडे संपले की इथे येऊन कविता म्हणायचे. नवरा असताना हामयांगवालीला अठरा वर्षं "हो" आणि "वाढू का" एवढंच बोलायला मिळालं होतं. आता तिच्या ध्यानात आलं की यूवॉलला काहीही सांगता येतं.

"यूवॉल, पंतोजींना म्हणावं, दुसऱ्या ओळीत पाहुणा होडीत बसला तो तिसऱ्या ओळीत घोड्यावरून उतरला. घोडा होडीत होता का?"

बाहेर सुरई चौरंगावर टेकल्याचा आवाज. मग, "तिला म्हणावं... मालकिणीला म्हणावं, यूवॉल फार फटकळ आहे."

"माहीत आहे, म्हणावं. पण दुसरी मिळत नाही."

चार वर्षं अशी गेली. नवीन वर्षाला पंतोजींनी यूवॉलसाठी वेणीला बांधायची लाल फीत आणून चौरंगावर ठेवली. हात बाहेर आला, जरा थांबला, आणि फीत घेऊन आत गेला.

मग नामगुंग जिन्सा आला.

जिन्सा म्हणजे सरकारच्या खालच्या परीक्षेत पास झालेला माणूस. हा एकदा पास झाला आणि त्या एका कागदावर चाळीस वर्षं मिशी पिळत बसला. घराण्याच्या दक्षिणेकडच्या शाखेत त्याचाच शब्द चाले. त्याच्या मुलाची सोयरीक राजवाड्याजवळच्या एका बड्या घरात ठरत आली होती. तिकडच्या मध्यस्थ बाईने जाता जाता विचारलं, तुमच्यातली कोणी विधवा दारू विकते म्हणे?  दुसऱ्याच दिवशी तो चटईसमोर उभा. बसला नाही, बसलं तर गिऱ्हाईक ठरेल.

हामयांगवालीच्या नवऱ्याचा हा आठव्या पायरीचा भाऊबंद. म्हणजे सत्ता गाजवायला जवळचा, पण समोरासमोर बोलायला लांबचा. तेव्हा त्यालाही रीत चुकली नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खाकरला, आणि दाराच्या फटीला म्हणाला,

"ए, यूवॉल का कोण. आत म्हणावं, जिन्सा आलेत."

"जिन्सांना म्हणावं, घराला पाय लागले."

"म्हणावं, हे बंद करायचं. छॉन्गयांगला घराण्याच्या मूळ घरी मागची खोली रिकामी आहे, तिथे जाऊन राहायचं. ऊन येत नाही, पण विधवेला उन्हाचं काय करायचंय."

"यूवॉल, विचार, आधी त्या खोलीत कोण होतं."

"धाकट्या काकांची विधवा. बावीस वर्षं उंबऱ्याबाहेर पाऊल नाही टाकलं. अजून लोक उदाहरण देतात, म्हणावं."

"मग ती कुठे गेली, म्हणावं."

"वारली. म्हणून तर रिकामी आहे."

हामयांगवालीने दाराची कडी हातात घट्ट धरली. कडीचा आवाज झाला. "जिन्सांना म्हणावं," ती म्हणाली, "इथले रांजण पुरलेले आहेत. उपटून नेता येत नाहीत, आणि मीही."

जिन्सा महिन्यात तीनदा आला. तिन्ही वेळा यूवॉलमार्फत धमकी दिली आणि तिन्ही वेळा यूवॉलमार्फत नकार घेऊन गेला. मग त्याने घराण्याची बैठक बोलावली. आरोप सोपा होता. मोलकरीण वगैरे काही नाही, ही बाई उघड उघड परपुरुषांशी बोलते. सिद्ध झालं की बैठकीच्या हुकमाने पालखीत घालून छॉन्गयांग. त्या पालखीला परतीचे भोई नसतात, हे हामयांगवालीला कोणी सांगायची गरज नव्हती.

बैठक तिच्याच बाहेरच्या अंगणात भरली. सात म्हातारे, घोड्याच्या केसांच्या सात काळ्या टोप्या. मधोमध थोरले आजोबा, वय त्र्याऐंशी, कान गेलेले, डोळे जायच्या वाटेवर, पण जीभ ठणठणीत. हामयांगवाली मधल्या दाराशी बांबूच्या पडद्याआड बसली. तिचे हात थंड पडले होते म्हणून तिने ते स्वतःच्या बगलेत धरले.

"या घरात मोलकरीण नाही," जिन्सा उभा राहून म्हणाला. "कोणी पाहिली असेल तर सांगावं."

साक्षीला पहिले पंतोजी. पंतोजींना घाम फुटला. यूवॉल नाही म्हणावं, तर गेली चार वर्षं रोज संध्याकाळी ते मेलेल्या माणसाच्या बायकोशी थेट बोलत होते. आणि बारा घरची पोरं त्यांच्याकडे शिकायला होती ती नेमकं हेच, की असं करू नये.

"यूवॉल?" पंतोजी म्हणाले. "आहे की. म्हणजे आहेच. जरा फटकळ आहे."

"दिसायला कशी?"

"बुटकी."

"उंच आहे," ब्यॉन शिलेदार मागून गरजला. त्याचा नंबर अजून यायचा होता, पण त्याला धीर निघेना.

"बुटकी की उंच?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "उंबऱ्यावर उभी राहिली की उंच," पंतोजी म्हणाले. "खाली उतरली की बुटकी," शिलेदार म्हणाला.

पडद्याआड हामयांगवालीने ओठ चावला. घाबरलेल्या माणसाला हसू येतं तेव्हा ते फार वाईट येतं.

मग गल्लीतले आणखी नऊ कुलीन पुरुष एकेक करून पुढे आले. नऊच्या नऊ जणांनी यूवॉलला ओळखलं. एकाने तिच्या उजव्या गालावर तीळ आहे असंही सांगितलं. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

जिन्सा लाल झाला. "हे सगळे पिणारे. यांच्या साक्षीला काय अर्थ?"

थोरल्या आजोबांनी कानामागे हात धरला. "तू पितोस का रे?"

"मी? या दाराशी? एक थेंब नाही."

"मग तुझीच साक्ष घेऊ. तू इथे तीनदा आलास म्हणतोस. तेव्हा कोणाशी बोललास?"

 जिन्साने तोंड उघडलं, मिटलं. सहा टोप्या त्याच्याकडे वळल्या. आठव्या पायरीच्या भावजयीशी, विधवेशी, दाराच्या फटीतून, तीन वेळा. मुलाच्या लग्नाच्या तोंडावर.

"यूवॉलशी," जिन्सा म्हणाला.

"मोठ्याने."

"यूवॉलशी बोललो."

"मग तक्रार काय आहे तुझी?" थोरले आजोबा म्हणाले आणि काठी शोधायला लागले.

पण जिन्सा असा सुटणारा नव्हता. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "ठीक. मोलकरीण आहे. घराण्यातल्या घराची मोलकरीण म्हणजे घराण्याची मालमत्ता. माझ्याकडे लग्नघर आहे, स्वयंपाकघरात हात कमी आहेत. लग्न होईतो यूवॉल माझ्याकडे कामाला यावी. आत्ता. माझ्याबरोबर."

आता पडद्याआडून कबुली येणार, म्हणून तो मिशीला हात लावून उभा राहिला. पंतोजींनी डोळे मिटले.

 नाही म्हटलं तर बैठकीचा हुकूम मोडला. मोलकरीण नाही म्हटलं तर पालखी. तिने एक लांब श्वास घेतला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली,

"यूवॉल, हात पुसून घे. गाठोडं बांध. जिन्सांच्या घरी जायचंय. तिथे उलटं बोलायचं नाही. सांगतील ते करायचं, खायला देतील ते खायचं. जा बाळ."

पडद्याआडूनच तिने मधलं दार ढकललं, ते करकरत उघडलं. उघडं राहिलं. सात म्हातारे त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिले. कोणाला मान हलवायची हिंमत होईना. मग थोरले आजोबा डोळे किलकिले करून म्हणाले, "पोरगी चांगली वाटते रे. चालणं शांत आहे."

संपलं. घराण्यातल्या सर्वांत वडील माणसाने पाहिली म्हणजे होतीच ती. बाकी सहांनीही माना डोलावल्या, शांत आहे म्हणाले.

जिन्सा निघाला. गल्लीत त्याच्या मागे दोन हात जागा सोडून लोक बाजूला सरले. ब्यॉन शिलेदाराने त्या मोकळ्या जागेला बजावलं, "यूवॉल, पुढे चिखल आहे हां." भिंतींआडून बायकांचं हसू दाबल्याचे आवाज येत होते. जिन्साने मागे वळून पाहिलं नाही, पण कोपऱ्यावर पोचल्यावर नकळत पावलं आखडली, जशी मागून कोणी येत असताना माणूस आखडतो.

हामयांगवाली जिंकली खरी, पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिला उमगलं की तिने काय घालवलं. ब्यॉन आला, चटईवर बसला, खाकरला.

"आतल्यांना..." एवढं म्हणून थांबला. कोणाला सांगणार? यूवॉल तर जिन्साकडे. सात म्हाताऱ्यांसमोर गेली.

आत हामयांगवाली दाराला पाठ लावून उभी. सुरई भरलेली, धिरडं गरम. चौरंग पुढे सरकवायला हात होता, पण "घ्या" म्हणायला मध्ये कोणी नव्हतं. आणि आता जर यूवॉलशिवाय एक शब्द जरी दारापार गेला, तर जिन्साचे कान कुठे ना कुठे होतेच. शिलेदाराने अर्धा तास भिंतीकडे बघत काढला, एक मोठा उसासा सोडला आणि गेला. पंतोजी आले, तेही उसासा सोडून गेले. त्यांनी होडीची कविता दुरुस्त करून आणली होती. तीन दिवस असंच. आठव्या महिन्याचा उष्मा, परसात बारा रांजण फसफसून वर यायला लागलेले. चार दिवसांत आंबट होतील, आठ दिवसांत शिरका. पालखी पाठवायची जिन्साला गरजच नव्हती. नुसती यूवॉल ठेवून घेतली तरी हामयांगवाली स्वतःच्या पायांनी छॉन्गयांगला गेली असती.

चौथ्या दिवशी सकाळी सुईवाली दॉक्शिम आली. सुया, कंगवे, फण्या आणि बातम्या डोक्यावर घेऊन घरोघरच्या बायकांच्या खोल्यांत फिरणारी बाई. तिला कोणाशी बोलायला बंदी नव्हती, कारण ती कोणाच्या मोजणीतच नव्हती. आल्या आल्या तिने गाठोडं टाकलं आणि पोट धरून खाली बसली.

"मालकीणबाई, तुमच्या यूवॉलने घर जाळलं की हो जिन्साचं."

"काय बोलतेस?"

"ऐका तर. जिन्सा त्या दिवशी घरी पोचला तो शेजारीण भिंतीवरून विचारते, नवी मोलकरीण आणलीत वाटतं. जिन्सीणबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या मागे बघितलं, आणि एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात जास्तीची चटई टाकली."

"तिला काय वाटलं?"

"काय वाटायचंय? ती काय खुळी आहे? एकतीस वर्षं संसार केलाय." दॉक्शिम पाणी प्यायली. "संध्याकाळी जिन्सा जेवायला बसला. रोजच्यासारखा म्हणाला, रस्सा खारट आहे. रोज म्हणतो. रोज ती मान खाली घालते. त्या दिवशी काय म्हणाली ठाऊक आहे? चुलीकडे तोंड करून म्हणाली, यूवॉल, मालकांना म्हणावं, एकतीस वर्षं मीठ तेवढंच आहे, जीभ म्हातारी झाली असेल."

हामयांगवालीने हातातली गाळणी खाली ठेवली.

"जिन्सा म्हणाला, काय म्हणालीस? ती म्हणते, मी कुठे काही म्हणाले, मी मोलकरणीशी बोलतेय. आता तो काय बोलणार? यूवॉल नाही म्हणावं तर सात थोरल्यांसमोर खोटी साक्ष दिली. बायकोला रागवावं तर ती त्याच्याशी बोललीच नाही. मोलकरणीला हाणावं तर कुठे हाणणार? दुसऱ्या दिवशी सकाळपासून तर धबधबा. यूवॉल, मालकांना म्हणावं, मोजे स्वतः शोधता येतात. यूवॉल, म्हणावं, माझी आई वारली तेव्हा मला चार दिवस माहेरी सोडलं नाही, ते मी विसरले नाही. यूवॉल, म्हणावं, घोरता."

"घोरता असं म्हणाली?"

"सुनेच्या माहेरची मध्यस्थ बाई बाहेर बसली होती तेव्हा. आणि काल तर..." दॉक्शिम पुढे सरकली, आवाज उतरवला. "काल म्हणाली, यूवॉल, मालकांना म्हणावं, ज्या निबंधावर हे जिन्सा झाले तो निबंध माझ्या वडिलांनी लिहून दिला होता. लग्नात पाहुणे जमले की तूच त्यांना काढून दाखव, कागद माझ्या पेटीत आहे."

हामयांगवालीने पदराने डोळे पुसले. हसली की रडली ते दॉक्शिमलाही नीट कळलं नाही, आणि दॉक्शिमला बहुतेक गोष्टी कळत.

त्याच दुपारी खडावा वाजल्या. जिन्सा चटईसमोर उभा. टोपी वाकडी, डोळ्यांखाली काळं. पंतोजी आणि शिलेदार आधीच तिथे बसले होते, सवयीने, उसासे सोडत.

"आतल्यांना म्हणावं," जिन्सा म्हणाला.

आतून काही नाही.

"आतल्यांना म्हणावं, मी आलोय."

काही नाही. पंतोजी घसा साफ करून, दुसरीकडे बघत, भिंतीला म्हणाले, "निरोप घेऊन जायला आत कोणी नसावं. मोलकरीण कामाला दुसऱ्या घरी दिलीय असं ऐकून आहे."

जिन्साने दात खाल्ले. मग मागे वळून, रिकाम्या गल्लीकडे बघून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "यूवॉल, चल, आत जा."

दार वीतभर उघडलं, मिटलं. "आलीस का गं," आतून आवाज आला. इतका प्रेमळ की शिलेदाराने नाक ओढलं. "वाळलीस. बाहेरच्यांना विचार, काम झालं का."

"झालं, म्हणावं."

"लग्न तर दहा दिवसांवर आहे, म्हणावं. बैठकीपुढे ठरलंय. आम्ही शब्दाला मागे हटणारे नाही. यूवॉल, पाणी पी आणि जा परत."

"नको," जिन्सा म्हणाला. इतक्या घाईने की म्हणावं म्हणायचं राहिलंच. मग सावरून, "नको, म्हणावं. ठेवून घ्या, म्हणावं."

"काही चूक झाली का हिच्याकडून? उलटं बोलली?"

"नाही, म्हणावं."

"मग पुन्हा कधी लागली तर पाठवीन. मूळ घरी छॉन्गयांगला मला जावं लागलं तर ही एकटी इथे काय करेल, तुमच्याकडेच कायमची ठेवते, म्हणावं. जिन्सीणबाईंना सोबत होईल."

 गल्लीत एक कुत्रं चालत गेलं, ते दिसेनासं होईतो जिन्सा त्याच्याकडे बघत राहिला. "म्हणावं," तो शेवटी हळू म्हणाला, "छॉन्गयांगला जायची गरज नाही."

"यूवॉल, मला ऐकू आलं, पण तू फार विसरभोळी आहेस. त्यांना म्हणावं, लिहून द्या."

पंतोजींच्या बाहीत कागद होता, होडीच्या कवितेचा. त्यांनी तो उलटा करून पुढे केला, शाईही दिली. जिन्साने लिहिलं, घराण्याचा शिक्का उठवला. हात बाहेर आला, कागद घेतला, लगेच परत बाहेर आला आणि कागद पंतोजींपुढे धरला.

"यूवॉलला अक्षरं येत नाहीत, म्हणावं. पंतोजींनी मोठ्याने वाचून दाखवावं."

पंतोजींनी वाचलं. नामगुंग घराण्याची ही सून नामसानच्या या घरातच आयुष्यभर राहील. तिला हलवण्याचा अधिकार घराण्यात कोणालाही नाही. तिच्या चाकरमाणसांनाही नाही. शेवटचं वाक्य जिन्साने स्वतःच्या मनाने घातलं होतं. शिलेदाराने ते पुन्हा वाचायला लावलं, त्याला आवडलं म्हणून. मग चौरंग बाहेर आला. निवळ होती.

लग्न ठरल्या दिवशी झालं, निबंध पेटीतच राहिला. सुनेला माहेरून दोन मोलकरणी आल्या होत्या, सासूने तिसरी दिली, यूवॉलची धाकटी बहीण छिलवॉल, म्हणजे सातवा महिना. दॉक्शिम म्हणाली, ती बहिणीपेक्षा फटकळ आहे, आणि आता गल्लीत तिच्या आणखी चुलत बहिणी कामाला लागल्यात.

हामयांगवालीने पुढे चौदा वर्षं रांजण चालवले. तिच्या शेवटच्या काही वर्षांत चटईवर तिसरं कायमचं गिऱ्हाईक असायचं. तो एकाच सुरईवर दिवेलागणीपर्यंत बसायचा, आणि सुरई संपली तरी उठायचा नाही.

"यूवॉल," आतून आवाज यायचा, "जिन्सांना म्हणावं, घरी वाट बघत असतील."

"म्हणूनच बसलोय, म्हणावं."